एक झेरॉक्स आणा

मोईनभाई कुठल्याही पेशंटच्या कॉटजवळ गेले, की आधी पेशंटकडं बघत नसत. नातेवाइकांकडं बघत. कोण मोठा, कोण धाकटा, सून कोणती, जावई कोणता, हे चष्म्यावरून न्याहाळून झालं की म्हणत, "आधार कार्ड हाय का पेशंटचं? जा, एक झेरॉक्स आणा."

"आत्ताच तर दिलं की खाली."

"ते खालचं. हे वरचं."

"मग मी जातो, भाऊ बसंल इथं."

"भाऊला बी घिऊन जा. तुम्ही काढा, त्यानं नीट निघालं का बघावं."

एकदा बिलोलीकडची एक म्हातारी म्हणाली, "मला दिसत न्हाई बाबा, मी कुठं जाऊ?" तर मोईनभाई तिला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेले, बाकावर बसवलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही इथं बसा. झेरॉक्सवाले परत आले की मोजा, सगळे आले का."

हे झेरॉक्स कुणालाच नको होतं. आमच्या नांदेडच्या दवाखान्यात कम्प्युटर आल्यापासून पेशंटचा सगळा कागद त्यातच होता. पण गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन, रांगेत उभं राहून परत यायला माणसाला दहा मिनिटं लागत. मोईनभाईंना ती दहा मिनिटं हवी असत. नातेवाइकांची पाठ वळली, की ते स्टूल ओढून पेशंटच्या उशाशी बसत, नाक जरा पुढं करत आणि हळूच विचारत, "बिडी किती पिता?"

"छ्या, आपण न्हाई पीत."

"पिता का, ते न्हाई विचारलं मी. किती, ते विचारून राहिलो."

आणि पेशंट एकदा दाराकडं बघून सांगून टाकी.

मोईनभाईंचं म्हणणं साधं होतं. आपल्याकडं बापासमोर बिडी ओढत नाहीत, सासऱ्यासमोर ओढत नाहीत, मोठ्या भावासमोर ओढत नाहीत. म्हातारा झाला, की पोरासमोरही ओढत नाहीत. मग माणूस ओढतो कुठं? विहिरीच्या मागं, गोठ्यात, एसटी स्टँडच्या मुतारीत. आणि दवाखान्यात तर सगळं खानदान कॉटभोवती उभं. तिथं तो खरं कसं सांगणार? "परक्याला सांगतो माणूस," ते म्हणत. "लाज आपल्या माणसाची असती, डिगंबरराव. परक्याची कायची लाज?"

डिगंबरराव म्हणजे मी. या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर मी अठरा वर्षं बसतोय. मोईनभाईंची आठवण लिहायला मी योग्य माणूस नाही. का नाही, ते लिहिण्यासाठीच बसलो आहे.

मोईनभाई मूळचे एक्स-रे विभागातले. उभा जन्म लोकांच्या छातीचे फोटो काढण्यात गेला. त्यांची बायको आजारी पडली तेव्हा त्यांनी स्वतःची बिडी सोडली. बायको गेली. मुलगी लातूरला दिली होती, तिथंच तिचा संसार. मग दवाखान्यानं तंबाखू सोडवायचं नवीन काम काढलं, त्याचं ट्रेनिंग घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा मोईनभाई आपणहून गेले. परत आले ते समुपदेशक होऊन. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक फोन आणि एक कम्प्युटर मिळाला. दोन बोटांनी टाइप करत. एक बोट चष्मा सावरायला लागायचं, म्हणून कधी कधी एकाच बोटानं.

त्या कम्प्युटरची रचना अशी होती. पेशंट आला, की माझ्या पानावर नाव, गाव, वय आणि मग प्रश्न यायचा: तंबाखू, बिडी, सिगारेट? होय की नाही. उत्तर दिल्याशिवाय पान पुढं सरकत नसे. 'होय' दाबलं, की त्या पेशंटच्या नोंदीवर पिवळी पट्टी यायची. ती डॉक्टरला दिसायची, सिस्टरला दिसायची, औषधाच्या खिडकीवर दिसायची, आणि नाव आपोआप मोईनभाईंच्या यादीत जायचं. पेशंट घरी गेला, की आठवड्यानं, महिन्यानं, तीन महिन्यांनी कुणाला फोन करायचा तेही कम्प्युटरच सांगायचा. ज्यानं कुणी हे बनवलं, त्यानं चांगल्या मनानं बनवलं होतं.

पण 'होय' दाबलं की आणखी सहा प्रश्न उघडायचे. काय ओढता, किती ओढता, कधीपासून, सकाळी उठल्यावर किती वेळानं पहिली लागते, आधी सोडून पाहिली का, आता सोडायची इच्छा आहे का. समोर रांग दारापर्यंत. कुणाच्या कडेवर तापलेलं पोर, कुणी पोट धरून बसलेलं. आणि मी विचारायचं, सकाळी पहिली किती वाजता?

मी 'नाही' दाबत होतो. विचारतच नव्हतो. पहिले काही दिवस विचारलं, मग बोटालाच सवय लागली. नाव, गाव, वय, नाही. नाव, गाव, वय, नाही. माझ्या टेबलावरून गेलेला माणूस, त्याच्या ओठात बिडी पेटलेली असती तरी, कम्प्युटरच्या लेखी निर्व्यसनी होता.

मोईनभाईंची यादी रिकामी. पहिल्या आठवड्यात ते माझ्याकडं आले, टेबलावर दोन्ही कोपरं टेकून उभे राहिले.

"डिगंबरराव, लई चांगली बातमी हाय. आपल्या जिल्ह्यात कुणीच बिडी पीत न्हाई."

"म्हणजे?"

"कम्प्युटर म्हणून राहिला. आता बिचाऱ्याचा तरी काय दोष, त्याला नाक न्हाई." मग माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. सायकल स्टँडच्या मागं मी नुकतीच एक संपवून आलो होतो. मी हात टेबलाखाली घेतला. "नाक असलेला माणूस लागतो," एवढंच म्हणाले आणि वॉर्डात गेले. तिथून हे झेरॉक्स सुरू झालं.

त्याच्या किती गमती सांगू? जळकोटकडचे एक बाप-लेक आले होते. बाप पेशंट. मोईनभाईंनी मुलाला झेरॉक्सला पाठवलं, बापानं कबूल केलं: रोज एक कट्टा, पण पोराला सांगू नका, त्याला लई वाईट वाटंल. मुलगा परतला. त्याच्या शर्टाचाही वास. मग मोईनभाईंनी त्याला व्हरांड्यात घेतलं, तर तो म्हणाला, मी बी ओढतो, पण आमच्या अण्णाला सांगू नका, बिडीच्या वासानं त्यांना ठसका लागतो. दोघं एकाच शेतात, एकाच आंब्याच्या दोन बाजूंना बसून ओढायचे. वीस वर्षं. मोईनभाई हे सांगताना इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. डोळे पुसून झाले तरी बराच वेळ चष्मा घातला नाही.

फोनचीही तीच तऱ्हा. पेशंटचा मोबाइल बायकोकडं नाहीतर सुनेकडं. "बिडी सोडली का?" असं विचारलं तर घरात भांडण. म्हणून प्रत्येकाशी त्यांची वेगळी बोली ठरलेली. शेतकऱ्याला विचारत, "पाव्हनं, मोटार किती येळा चालू केली आज?" पलीकडून उत्तर यायचं, "सकाळी एकदा. मग बंदच हाय." फोन सुनेनं उचलला, की गडबड. "आमच्या बोअरला पाणीच न्हाई, मोटार कवाच काढून ठिवली," ती सांगायची. मोईनभाई ओरडायचे, "शाब्बास! असंच चालू द्या!" आणि ती बिचारी कोड्यात पडायची, की बोअर आटल्याचं या माणसाला एवढं कौतुक कसलं.

जिन्याखालच्या खोलीतून हे सगळं अख्ख्या दवाखान्याला ऐकू यायचं. आम्ही हसायचो. त्यांना 'झेरॉक्समामा' म्हणायचो. झेरॉक्सवाल्यानं दुसरं मशीन घेतलं, तेव्हा मोईनभाईंचं त्यात कमिशन आहे अशी आवई उठली. कुणी उठवली माहीत नाही. मी ऐकून हसलो होतो, एवढं नक्की.

मग माझे वडील आजारी पडले.

वडील अहमदपूर तालुक्यातले निवृत्त शिक्षक. आख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आम्हीही घरात गुरुजीच म्हणायचो. मी नववीत असताना माझ्या दप्तरात बिडीचं थोटूक सापडलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला वर्गासमोर उभं करून छडी मोडेपर्यंत मारलं होतं. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. छातीत कफ, धाप. मी त्यांना नांदेडला आणलं, स्वतःच्या हातानं नोंदणी केली. नाव, गाव, वय, नाही. हे एक 'नाही' तरी खरं आहे, असं दाबताना मनात आलं होतं.

दुपारी मोईनभाई वॉर्डात आले. गुरुजींना नमस्कार केला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"डिगंबरराव, गुरुजींच्या आधारचं एक झेरॉक्स आणा."

मला हसू आलं. "मोईनभाई, मी आहे. मी इथलाच."

"मग काय झालं? आणा."

मी गेलो. गेटबाहेर रांग होती. पुढं एक तरुण सून होती, तिच्यापुढं दोघं भाऊ. सगळ्यांच्या हातात कुणाचं ना कुणाचं कार्ड. आणि त्या रांगेत उभा असताना मला कळलं, की या सगळ्यांना ज्यासाठी पाठवलंय त्याचसाठी मलाही पाठवलंय. कार्डावरचा गुरुजींचा फोटो मी बघत राहिलो. दुकानदारानं दोनदा हाक मारली.

समुपदेशनाचं पान आमच्या टेबलावरून उघडायचं नसतं. मी संध्याकाळी ते उघडलं. पिवळी पट्टी. बिडी. पस्तीस वर्षं. आणि खाली, एका बोटानं टाइप केलेलं: 'मुलगा इथेच कामाला आहे त्याला कळू देऊ नये. मुलगा पण पितो असे म्हणाले. माझे काहीही होऊ द्या पण त्याची सोडवा म्हणाले.'

मी गुरुजींना काही बोललो नाही. गुरुजी मला काही बोलले नाहीत. मोईनभाई तर दोघांनाही काही बोलले नाहीत. फक्त जाता-येता मला विचारायला लागले, "डिगंबरराव, तुमचं झेरॉक्स कवा काढायचं?" मी कामाचं निमित्त करायचो. त्यानंतर दहा दिवस मी प्रत्येक पेशंटला तो प्रश्न तोंडानं विचारला. अकराव्या दिवशी सोमवार होता, रांग मोठी होती.

गुरुजी माझ्या घरीच राहिले. कम्प्युटर महिन्यानं सांगो की तीन महिन्यांनी, दर गुरुवारी अकराला त्यांचा फोन वाजायचा; गुरुवार माझा सुटीचा. ते गॅलरीत जायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "नाही, आज एकही वही तपासली नाही." किंवा कधी हळू आवाजात, "तपासली. एक." निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती. मी आत खुर्चीत बसून पेपर वाचल्यासारखं करायचो. पाच महिने झाले, आणि "एकही नाही" हेच उत्तर नेहमीचं झालं. त्यांची धाप कमी झाली. पायऱ्या चढायला लागले.

त्याच सुमारास दवाखान्यात नवे प्रशासक आले. तरुण, हुशार, सगळं स्क्रीनवर बघणारे. त्यांनी दोन पानं शेजारी लावली. नोंदणीच्या पानावर जवळपास सगळे 'नाही'. मोईनभाईंच्या पानावर त्याच पेशंटांचं 'होय'. मग झेरॉक्सच्या तक्रारी, कमिशनची आवई. निष्कर्ष सरळ होता: नोकरी टिकवायला हा माणूस बसल्या बसल्या व्यसनी तयार करतो.

आम्हा दोघांना बोलावलं. मोईनभाई उभे, मीही उभा. आधी मला विचारलं.

"सूर्यवंशी, नोंदणी करताना तुम्ही पेशंटला हा प्रश्न विचारता ना?"

मी म्हणालो, "विचारतो सर."

त्यांनी स्क्रीन आमच्याकडं वळवली. न जुळणाऱ्या नावांची यादी होती. ते बोटानं खाली खाली जात होते आणि एका नावाशी थांबले. "हे तुमचे कोण? वडील? नोंदणीला तुम्ही 'नाही' लिहिलंय, यांनी 'होय, बिडी' लिहिलंय. ओढतात का तुमचे वडील?"

आता इथं थांबून मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे, की गुरुजींची अब्रू राखायला मी पुढचं उत्तर दिलं की माझी नोकरी राखायला. बापाचं व्यसन साहेबासमोर कुणी बोलतं का, असं मी बायकोला सांगितलं. तिनं मान डोलावली. पण गुरुजींची ढाल मी फक्त पुढं धरली होती. मागं मीच होतो.

"नाही सर," मी म्हणालो. "माझे वडील शिक्षक होते."

प्रशासकांनी मोईनभाईंकडं बघितलं. एका वाक्याचं काम होतं. यांच्या बापानंच सांगितलं, त्यांना फोन लावा, पाच महिने झाले मी त्यांच्याशी बोलून राहिलो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मोईनभाईंनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, "माझ्या लिवण्यात चूक झाली असंल."

त्यांचा करार पुढं वाढवला नाही. समुपदेशकाची जागाच काढून टाकली, कारण नोंदीनुसार तशी गरज नव्हती. जिन्याखालच्या खोलीत आता सलाइनचे खोके असतात.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "राहू द्या. तुमची लेकरं शिकून राहिली." आणि मग, निघता निघता, "गुरुजींचा नंबर त्या कम्प्युटरातच राहिला. मला पाठ न्हाई. तुम्ही देता का लिहून?"

मी म्हणालो, देतो. खाली मान घालून म्हणालो, आणि दिला नाही. तो फोन आला असता, तर गुरुजींना कळलं असतं की त्यांच्या नावावर काय झालं.

पुढं दोन-तीन गुरुवार गुरुजी अकराला फोन घेऊन गॅलरीत बसले. मग मला म्हणाले, "तुझ्या दवाखान्यात ते मोईनसाहेब आहेत ना, ते कुठं गेले का?" मी सांगितलं, बदली झाली. "असं होय," म्हणाले. पुढच्या वर्षी गुरुजी वारले. त्यांच्या चष्म्याच्या घरात मला बिडीचा कट्टा सापडला. निम्मा संपलेला. मी तो कुणाला न दाखवता सायकल स्टँडच्या मागं नेला आणि एकेक करून ओढून संपवला. शेवटची ओढली, त्यानंतर मी ओढलेली नाही. याला सोडणं म्हणत असतील तर म्हणोत.

हे सगळं होऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात रांगेत एक म्हातारा उभा होता. भिंतीला धरून, दर दोन पावलांना थांबत. नंबर आला, खिडकीशी वाकला, तेव्हा ओळखलं.

"मोईनभाई?"

"हाव. जरा धाप लागून राहिली."

"सोबत कोण आहे?"

"कुणी न्हाई. पोरीला कळवू नका, लातूरहून कायला पळवायची तिला?"

नाव, वय मला पाठ होतं. घर तेच, इतवाऱ्यातलं. नातेवाइकाच्या रकान्यात मी माझं नाव टाकलं. मग तो प्रश्न आला. बोट सवयीनं पुढं गेलं होतं, ते मी मागं घेतलं.

"मोईनभाई, तंबाखू, बिडी?"

ते खिडकीच्या गजाकडं बघत होते. उजव्या हाताची दोन बोटं पिवळी झाली होती. खिडकीतून वास येत होता. मला आता नाक आहे.

"न्हाई," ते म्हणाले.

मी 'नाही' दाबलं. ते म्हणाले म्हणून दाबलं.

रांग दुसऱ्याच्या हवाली करून मी त्यांना धरून वॉर्डात नेलं. कॉटवर बसवलं, उशी लावली, बाटलीत पाणी भरून आणलं. थोड्या वेळानं एक नवी डॉक्टर मुलगी आली. नोंद वाचली, मग त्यांच्या हाताकडं बघितलं आणि विचारलं, "काका, बिडी वगैरे ओढता का?"

मोईनभाईंनी तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग खिशातून प्लास्टिकच्या कव्हरातलं आधार कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"डिगंबरराव, एक झेरॉक्स आणा."

"अहो मोईनभाई, आता कशाला..." मी म्हणालो, आणि थांबलो. कार्ड घेतलं.

गेटबाहेर रांग होती. मी शेवटी उभा राहिलो. माझा नंबर आला, दुकानदारानं कार्डावरचा फोटो ओळखला. "मोईनभाई? परत आले का काय कामाला?"

"आधी यांचं काढा," मी मागच्या बाईंना पुढं घेत म्हणालो. त्यांच्यामागं एक म्हातारेबुवा होते, त्यांनाही पुढं जाऊ दिलं. "मला घाई नाही."